बर्फाखालच्या अज्जाला बघून आलो

बसव जयंतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, हुमनाबादच्या बस स्टँडसमोर मैनुद्दीनभाईंच्या तिकिटांच्या दुकानात मी एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार रुपये भरले. हजर आम्ही तिघं: मी, माझी बायको शकुंतला आणि स्वतः मैनुद्दीनभाई. हैदराबादहून आइसलँडला जाण्याचं एक तिकीट आणि तिथून येण्याची दोन.

मैनुद्दीनभाईंनी चष्मा कपाळावर सारला. "क्या सावकार, जाने का एक, आने के दो? रास्ते में कौन मिलने वाला है?"

"बेटी," मी म्हणालो.

"उसको मालूम है?"

मी तोंड उघडायच्या आत शकुंतला म्हणाली, "तिला कळायची गरज न्हाई. तुम्ही काढा, भाई."

नंदा आमची एकुलती एक. शाळा चिटगुप्प्यात, कॉलेज बिदरला, पुढे हैदराबादला दगडमातीचं शास्त्र शिकली आणि तिथून शिष्यवृत्तीवर बाहेर गेली. दोन वर्षांपासून ती आइसलँड बेटाच्या दक्षिण कडेला, बर्फाने झाकलेल्या एका ज्वालामुखीच्या पायथ्याशी राहते. डोंगरावर बसवलेली यंत्रं सांभाळायची, नद्यांचं पाणी तपासायचं, आणि पायथ्याच्या शेतकऱ्यांना धोक्याच्या वेळी घर सोडून निघायचा सराव शिकवायचा, असं तिचं काम. आता तिथे तिला कायमची नोकरी देऊ केली होती. फोनवर ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही येऊन बघा. बघून न्हाई म्हणलात तर मी येते. एका शब्दानं वाद घालणार न्हाई."

ही पोर शब्द पाळते, म्हणूनच मला धाकधूक होती. चिटगुप्प्यात माझी तूर-मुगाची अडत आहे. वजन केल्याशिवाय मी कशाचा भाव सांगत नाही. पण हा माल तराजूत बसणारा नव्हता. घरातून निघताना शकुंतलाने भाकऱ्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि एवढंच म्हणाली, "घेऊनच या."

काळं मैदान

विमानांचं आणि व्हिसाचं सांगत बसत नाही. एक गंमत तेवढी सांगतो. तिथल्या विमानतळावर एका उंच पोरसवदा अधिकाऱ्याने माझी पिशवी उघडली. आत शकुंतलाच्या माहेरच्या पद्धतीच्या, कलबुर्गीकडच्या कडक भाकऱ्या, शेंगांची हिंडी म्हणजे चटणी, विभूतीची पांढरी वडी आणि वाळवलेली बेलाची पानं. भाकरी त्याने टेबलावर वाजवून पाहिली. विभूतीचा वास घेतला. मग गळ्यातल्या करडुव्याकडे, म्हणजे इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीकडे, बोट दाखवून इंग्रजीत विचारलं, "यात काय?" मला पटकन एकच शब्द सुचला, "गॉड." त्याने मान हलवली आणि पिशवी बंद करून दिली. आपल्याकडे एवढ्यावर कुणी सोडलं नसतं.

नंदा बाहेर उभी होती. वाळली होती. गाल वाऱ्याने रापून तांबडे झाले होते. पाया पडली आणि उठताना माझ्या खांद्याचा वास घेतला, लहानपणी दुकानातून आल्यावर घ्यायची तसा. "तुरीचा वास यायलाय अजून," म्हणाली.

दिवसभराचा रस्ता होता. डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र. पुढे हिरवळ संपली आणि काळी वाळू लागली. क्षितिजापर्यंत काळं. आपल्या रानातल्या काळ्या मातीला भेगा असतात, कडेला एखादी बाभूळ तरी असते. इथे गवताची काडी नव्हती. मधून एक ओढा वाहत होता, आपल्या रानातल्या नाल्याएवढा, आणि त्यावर एवढा लांब पूल की गाडी पलीकडे जाईस्तोवर माझं पान खाऊन झालं असतं.

"एवढ्याशा पाण्याला एवढा पूल? कुणी कंत्राटदाराने खाल्ले दिसतात," मी म्हणालो.

"पूल आजच्या पाण्यासाठी न्हाई, अप्पा," नंदा म्हणाली.

पुलापलीकडे वाळूत एक दगड पडला होता, आमच्या गोदामाएवढा. बैलाने तर नाहीच, क्रेननेही हलायचा नाही. तो पुराच्या पाण्याने आणून टाकलेला. त्याच्याकडे बघत असताना ढग वर सरकले आणि नंदाने गाडी थांबवली. समोर डोंगर होता. वरचा निम्मा भाग पांढराशुभ्र, आणि त्या पांढऱ्यातून बर्फाच्या जिभा खाली शेतांपर्यंत उतरलेल्या.

"हा अज्जा," ती म्हणाली. नकाशावरचं त्याचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही, म्हणून मीही अज्जाच, म्हणजे आजोबाच, म्हणतो. पांढऱ्या केसांचा आणि झोपलेला.

भाकरीचे थर

तिथेच दगडाच्या आडोशाला बसून आम्ही जेवलो. नंदाने भाकरी हातात घेतली, पण तोंडात घालायच्या आधी मला डोंगर शिकवायला बसली. खाली एक भाकरी ठेवली. "हा लाव्हा." त्यावर हिंडी पसरली. "ही राख." पुन्हा भाकरी, पुन्हा हिंडी. "थरावर थर चढून हा डोंगर झालाय. मधोमध वर यायची वाट, अन् डोक्यावर मोठी वाटी. त्या वाटीत हे." तिथे घट्ट दही मिळतं, आपल्या चक्क्यासारखं. ते तिने सगळ्यांत वर थापलं. "शेकडो मीटर जाडीचा बर्फ."

"मग गारच असेल की आत."

"खालून चुलीवर हाय की, अप्पा. आग बर्फाला लागली की दोन गोष्टी होत्यात. तापलेला दगड एकदम गार पडून फुटतो, काचेसारखा, त्याची बारीक राख वर उडते. ती गवतावर बसली की मेंढ्यांचे दात-हाडं खराब होत्यात, माणसाला दिवसा दिसत न्हाई. अन् दुसरं पाणी. ते बर्फाखालीच साठतंय, वाट शोधतंय, अन् एकदम कडेनं फुटून बाहेर येतंय. नुसतं पाणी न्हाई. घराएवढे बर्फाचे तुकडे, चिखल, दगड, सगळं एकदम."

"शेवटचा कधी फुटला?"

"तुमच्या खापरपणजोबाच्या बी आधी. झोपलाय म्हणून मेला न्हाई."

बर्फाखालून चालणारं पाणी माझ्या डोळ्यांसमोर येईना. मग तिने नौबादच्या जुन्या पाण्याच्या सुरंगीची आठवण काढली. बिदरला जाताना लहानपणी मी तिला ती दाखवली होती. वर सगळं कोरडं, माणसं-म्हशी चालतायत, आणि खाली दगडात खोदलेल्या वाटेने पाणी गुपचूप जातंय. मध्येमध्ये आत डोकवायला विहिरीसारखी तोंडं. "तसंच," ती म्हणाली. "फक्त इथं तोंडं कुणी खोदलेली न्हाईत. खाली बर्फ वितळला की वरचा बर्फ खचून खळगा पडतो. तो खळगा आम्ही विमानातून मोजतो."

आणि मग तिने मला एक गोष्ट सांगितली जी मला पन्नाशी ओलांडेपर्यंत कुणी सांगितली नव्हती. आपली काळी जमीनही आगीचीच. आपल्याकडे असा डोंगर नव्हता, जमीनच चिरली आणि पातळ लाव्हा ताटात आंबील पसरावी तसा पसरत गेला, पुन्हा पुन्हा. तो दगड कुजून काळी माती झाली, आणि बिदरचा लाल दगड हा त्याच्याच माथ्याची झीज. कलबुर्गीकडे खाली गेलं की तो थर संपतो आणि फरशीचा दगड लागतो.

"म्हणजे आपली तूर विझलेल्या आगीत उगवते म्हण की."

"व्हय. म्हणून मला इथं परकं वाटत न्हाई, अप्पा."

आतल्या खिशात तिचं तिकीट होतं.

सिग्रूनबाईंचं शेत

नंदा राहते ते शेत सिग्रूनबाईंचं. वय सत्तरीच्या पुढे, एकट्या, तीनशेच्या आसपास मेंढ्या. मुलगा राजधानीत असतो आणि दर रविवारी फोनवर आईला म्हणतो, ये इकडे. त्यांना मराठी येत नाही, मला त्यांची भाषा येत नाही, नंदा मधे. पहिल्याच जेवणाला त्यांनी मेंढीचं मटण मांडलं. मी लिंगायत, खात नाही, हे कळल्यावर त्यांनी उकडलेल्या बटाट्यांचं भांडं माझ्यापुढे सरकवलं आणि सगळे दिवस ते तिथेच राहिलं. जेवण झाल्यावर मी सवयीने ताट धुऊन ते पाणी प्यायलो. बाईंनी ते पाहिलं, नंदाला काही विचारलं आणि हसल्या.

"त्या म्हणायल्यात, असा पाहुणा असला की भांडी घासायचं यंत्र विकून टाकते."

घराच्या कडेला, गवताच्या गठ्ठ्यांच्या आडोशाला, पाच काळे दगड ओळीने मांडलेले होते. मी जागीच थबकलो. वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आपण रानात कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडतो, तसे. नंदा लाजली. मागच्या वेळ अमावस्येला घरची फार आठवण आली, म्हणून बर्फात तिने पांडव मांडले होते. चुना नव्हता, बर्फानेच पांढरे केले. आंबील नव्हती, घट्ट दह्यात पाणी घातलं. आणि सिग्रूनबाई रबरी बूट घालून तिच्या मागोमाग, ते शिंपडत, आपल्याकडच्यासारखी शेताला फेरी मारत, "ओलगेऽ ओलगेऽ" ओरडत फिरल्या होत्या. बर्फ वितळला तरी दगड त्यांनी हलवू दिले नाहीत.

मी पुढचे दोन दिवस त्या जागेची मोजमापं घेत फिरलो. फाटक ते रस्ता किती, रस्ता ते धोक्याच्या वेळी सगळ्यांनी जमायची ती उंचावरची शाळा किती, मधे पूल किती. सिग्रूनबाई कुंपणाजवळ उभ्या राहून बघत होत्या.

"त्या विचारायल्यात, तुझे वडील डोंगर विकत घेणार हायत का?"

मी नंदाला म्हणालो, "त्यांना विचार, मुलगा बोलावतो तर जात कामून न्हाईत?"

बाईंचं उत्तर नंदाने सांगितलं. "म्हणायल्यात, तिकडं खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. अन् तुमच्याकडं धोका न्हाई का?"

हुमनाबादच्या रस्त्यावरच्या लॉऱ्या माझ्या डोळ्यांपुढे आल्या. माझा धाकटा मेहुणा त्याच रस्त्यावर गेला, आणि आजही दर आठवड्याला मी तिथूनच मोटरसायकलने जातो. हे मी नंदाला त्यांच्या भाषेत सांगायला लावलं नाही.

माझा हिशेब असा झाला होता. डोंगर जागा होण्याआधी बारीक धक्के बसतात, जमीन फुगते, नदीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पाण्यातला क्षार वाढतो. म्हणजे बहुतेक वेळा आधी कळतं. नाही कळलं तर बर्फाखाली फुटल्यापासून फाटकापर्यंत पाणी यायला अर्धा तास, कदाचित कमी. गाडीने शाळा त्याच्या निम्म्या वेळात येते. हिशेब बसत होता. तरी मन म्हणत होतं, न्हाई म्हण. तिकीट खिशात आहे, आई दारात बसलीय, न्हाई म्हण.

सराव

त्या दिवसांत तिथे रात्री अंधारच पडत नाही. पडदे लावूनही खोलीत उजेड. त्यामुळे माझं सगळं वेळापत्रक बिघडलं. पहाटे होणारी पूजा सकाळ उलटून गेल्यावर होऊ लागली. त्या दिवशी अंघोळ करून, विभूती लावून, डाव्या तळव्यावर लिंग घेऊन बसलो तेव्हा सिग्रूनबाईंचं दुसऱ्यांदा चहापाणी चाललं होतं. माझी पूजा पाऊण तासाची. वडिलांनी लावलेली शिस्त: लिंग हातात असताना उठायचं नाही, बोलायचं नाही, आणि घरातल्या कुणी हाक मारायची नाही. घराला आग लागली तरी, असं वडील म्हणायचे.

मधेच पिशवीतला फोन किणकिणला. मैनुद्दीनभाई असतील, असं वाटलं. मग खिडकीवर कुणी दोनदा थापा मारल्या. एक गाडी निघून गेली. मी डोळे लिंगावरून हलवले नाहीत. उलट मनाशी म्हणालो, आज बरं चित्त लागलंय.

पूजा आटोपून लिंग करडुव्यात ठेवून बाहेर आलो तर नंदा पायरीवर बसलेली. बूट घातलेले, जाकीट चढवलेलं, हातात किल्ली, गाडीचं दार सताड उघडं. फाटकाला एक पिवळी पाटी लटकत होती.

"काय झालं गं?"

"काही न्हाई. सराव होता. फोन किणकिणला तो त्याचाच. या आठवड्यात कधी बी होणार म्हणून सांगून ठेवलं होतं. वेळ मला बी ठाऊक नव्हती." ती पाटीकडे बघत होती. "त्यावर लिवलंय, घर रिकामं हाय. बाईंनी लटकवली अन् गेल्या."

"अन् तू?"

ती उठली. "पाणी आतापर्यंत रस्त्यावरनं गेलं असतं, अप्पा."

"मग हाक कामून मारली न्हाईस?"

"तुम्ही लिंग हातात घेतलं होतं." तिने किल्ली दुसऱ्या हातात घेतली. "दाराला हात लावून उभी होते. दोनदा तोंड उघडलं. न्हाई जमलं."

शाळेत पोचलो तेव्हा सगळी शेतकरी मंडळी कॉफी पीत होती. वहीतल्या सगळ्या नावांवर खुणा झाल्या होत्या, एका घराशिवाय. नारिंगी कोट घातलेला बचाव पथकाचा एक दाढीवाला माणूस नंदाशी बोलला, आवाज न चढवता. ती मान खाली घालून ऐकत होती. तिथल्या प्रत्येकाला निघायचं कसं हे तिनेच शिकवलं होतं, आणि तीच शेवटी आली होती.

मी सिग्रूनबाईंना खुणेने सांगितलं, चूक माझी. त्यांनी माझा हात धरला आणि सावकाश काही म्हणाल्या. नंदाने ते खालच्या आवाजात सांगितलं. "म्हणायल्यात, मी खिडकी वाजवली अन् निघाले. थांबले न्हाई. खरं पाणी आलं तरी थांबणार न्हाई. तुमच्यासाठी न्हाई, नंदासाठी बी न्हाई. हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलंय."

मला आधी ते कठोर वाटलं. आमच्याकडे बिदरला लग्नाला निघालो तरी सगळे आल्याशिवाय जीप हलत नाही. म्हातारं माणूस मागे ठेवून दाराबाहेर पाय टाकणारा कुणी मी पाहिला नाही. नंदा त्याच घरात वाढली. मी डोंगराचा, पाण्याचा, पुलांचा धोका मोजत फिरलो होतो, आणि त्या शेतात तिला सगळ्यांत मोठा धोका होता तो माझा.

आणखी एक गोष्ट त्या शाळेच्या बाकावर बसून मनात आली. आमचा देव देवळात नसतो, गळ्यात असतो. माणूस जाईल तिकडे तो जावा, एवढ्यासाठीच. आणि मी त्याला हातात घेऊन बसून राहिलो होतो.

नदीवर

दुसऱ्या दिवशी ती पाणी तपासायला गेली, मी सोबत. बर्फाच्या जिभेखालून करड्या पाण्याची नदी निघत होती. नंदा गुडघाभर पाण्यात उभी राहून नळी बुडवत होती, आकडे वाचत होती. अडतीत नमुन्याची तूर मी जशी तळव्यावर घेऊन बघतो, तसंच तिचं तोंड झालं होतं. मी पाण्याचा वास घेतला. कसलाच नव्हता.

ती काठावर आल्यावर मी म्हणालो, "तुझं बी तिकीट काढून आणलंय."

"ठाऊक हाय. आईनं त्याच दिवशी सांगितलं." ती बूट झटकत होती. "तुम्ही कधी बोलताव ते बघायलते."

"रद्द करतो."

ती झटकायची थांबली.

"मी असलो की तू थांबतीस. आई असली तर थांबशील. आम्ही नसलो तर निघशील ना, नंदव्वा?"

ती नळी गुंडाळू लागली. होही नाही, नाहीही नाही. नुसत्या शब्दावर हा सौदा करायची माझी तयारी नव्हती. म्हणून निघायच्या आदल्या सकाळी आम्ही दोघांनीच सराव केला. मी तिला सांगितलं, मी पूजेला बसतो. तू खिडकी वाजवायची, पाटी लटकवायची आणि निघायचं. मागं बघायचं नाही, आणि मी शाळेपर्यंत आल्याशिवाय परत यायचं नाही. ती म्हणाली, "असला खेळ नको, अप्पा." मी म्हणालो, "हा खेळ न्हाई."

बसलो. लिंग तळव्यावर घेतलं. खिडकीवर थापा पडल्या, दोन. मग बराच वेळ काहीच नाही. ती खिडकीशी उभी आहे हे मला बघायची गरज नव्हती. मनात म्हणत होतो, जा. शेवटी फाटकाची साखळी वाजली. गाडीचं दार लागलं. गाडी सुरू झाली, खडीवरून रस्त्याला लागली, आणि आवाज बारीक होत होत गेला. तो ऐकू यायचा बंद झाला तरी मी ऐकत होतो.

त्या दिवशी माझं चित्त लिंगावर नव्हतं, हे खरं तेच सांगतो.

मग लिंग करडुव्यात घातलं आणि चालत निघालो. वाटेत सिग्रूनबाईंनी गाडीत घेतलं. नंदा शाळेच्या पायरीवर उभी होती. डोळे लाल होते. मी घड्याळ दाखवून म्हणालो, "बसला हिशेब."

हुमनाबाद

हैदराबादहून बसने आलो. शकुंतला स्टँडवर आली होती. मी उतरलो, तिने माझ्या मागे दारात पाहिलं. पुढचा माणूस उतरला, त्याच्या पुढचा उतरला, मग कंडक्टरने दार ओढलं. तिने माझ्या हातातला रिकामा डबा घेतला. चहाच्या टपरीवर मी सगळं सांगितलं, पायरीवर बसलेल्या नंदाचं आणि नंतर निघून गेलेल्या गाडीचंही. तिने चहा निवू दिला.

"मागं बघितली न्हाई?"

"आवाज तरी थांबला न्हाई."

ती उठली आणि रस्ता ओलांडून सरळ मैनुद्दीनभाईंच्या दुकानात शिरली. मी मागोमाग. नंदाचं तिकीट मी निघायच्या आधीच तिकडून फोन करून रद्द करायला लावलं होतं; त्यात एकवीस हजार कापले गेले, एकेचाळीस हजार उरले.

"बाकी का क्या करूँ, सावकार?"

"वेळ अमावस्येला तिला पंधरा दिवस रजा मिळते," मी म्हणालो. "तिकडून इकडं यायचं एक काढा."

भाई कीबोर्डवर वाकले. शकुंतला पदराने तोंड पुसत भिंतीवरच्या विमानाच्या चित्राकडे बघत होती. तिथेच बघत ती म्हणाली, "भाई, जायचं बी आत्ताच काढा. मागनं महाग व्हतंय."

येणं आणि जाणं मिळून एक लाख आठ हजार. उरलेले एकेचाळीस हजार वजा करून सदुसष्ट हजार रुपये मैनुद्दीनभाईंना रोख दिले. मोजले शकुंतलाने.